नेच्याची भिंत

कोकणात घराच्या भिंतीवर शेवाळ आलं की माणसं नारळाचा काथ्या घेऊन ते खरवडून काढतात. विहिरीत नेचे उगवले की कोयता मारतात. त्यामुळे माझ्या पोटच्या पोरीने जेव्हा सांगितलं की ती शेवाळ आणि नेचे घराच्या आत, आजारी माणसाच्या उशाशी लावते आणि त्यासाठी तिला दिल्लीत बक्षीस मिळालं आहे, तेव्हा मी पोट धरून हसले होते. आता हसत नाही. मला त्या भिंतीचा राग आहे, हे आधीच सांगून टाकते. पुढचं वाचताना कुणी माझ्याकडून न्यायाची अपेक्षा ठेवू नये.

माझा नवरा दिगंबर कुबल एसटीचा ड्रायव्हर होता. मी सुगंधा, त्याच्याच गाडीवरची कंडक्टर. कुडाळ ते वेंगुर्ला, डिझेलच्या गाड्या होत्या तेव्हापासून बॅटरीच्या आल्या तोपर्यंत, आमच्या बहुतेक ड्युट्या एकत्र लागल्या. लग्न जमवायला मध्ये कुणी लागलं नाही, भांडता भांडताच जमलं. मी तिकिटांना वेळ लावला की तो आरशात बघून ओरडायचा, "गो भवाने, घंटी मार! थंय काय लगीन लावतंस?" मी मागून ओरडायची, "तू फुडे बघ मेल्या, बैल इलो आडवो!" उतारू हसून हसून बेजार व्हायचे. घरीही तेच. डाळीत मीठ कमी पडलं तरी आमच्याकडे दोन्ही बाजूंनी मुडदे पडायचे आणि पाच मिनिटांनी आम्ही एकाच ताटातला मासा निवडत बसलेले असायचो. मालवणी माणसाला यात काही सांगावं लागत नाही. त्याच्याकडे शिवी हे निम्मं व्याकरण असतं.

गेल्या मार्गशीर्षात दिगूला झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. समजायचं सगळं, बोलता काही येईना. डॉक्टर म्हणाले, पहिले तीन महिने फार महत्त्वाचे. मेंदूला या काळात शब्दांची नवी वाट पाडता येते, पुढे ते अवघड होत जातं. मी जिल्ह्याच्या इस्पितळात त्याच्या खाटेला खाट लावून बसले आणि बसले म्हणजे भांडत बसले. पेज भरवताना त्याने मुद्दाम तोंड मिटलं की मी त्याच्या सात पिढ्या काढायची. तो लाल व्हायचा, डावी मूठ आपटायचा. एकविसाव्या दिवशी त्याने घशाच्या तळातून काहीतरी ओढून काढलं. "भ... भवा..."

मी रडले. तीस वर्षांत कुणी मला इतकं गोड बोललं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पुण्याहून मृण्मयी आली आणि तिने बापाला 'निवांत'मध्ये हलवलं.

*

कुडाळच्या बाहेर डोंगराला टेकून हे 'निवांत' आहे. झटका आलेल्या माणसांना पुन्हा उभं करायचं केंद्र. आतली सगळी रचना माझ्या मुलीची. बारा खाटांचा मोठा दिवाणखाना, वर आणि दाराच्या बाजूला काच, आणि उरलेल्या तिन्ही बाजूंना जमिनीपासून छतापर्यंत हिरवंगार. नेचे, शेवाळ, मधून झिरपणारं पाणी. कोपरा कुठे दिसत नाही, ट्यूबलाइट दिसत नाही, औषधाचा वास नाही. आत शिरणारा प्रत्येक माणूस आपोआप चपला हातात घेतो आणि कुजबुजायला लागतो. मला तर पहिल्या पाच मिनिटांत पाय पसरून झोपावंसं वाटलं.

"हे शोभेचं नाही आई," मृण्मयी म्हणाली. "ही भिंत काम करते."

तिने समजावलं ते मला समजलं, कारण ती समजावते छान. झाडं एकमेकांशी वासाने बोलतात. एका झाडाचं पान अळीने कुरतडलं की ते हवेत एक वास सोडतं आणि शेजारची झाडं तो ओळखून सावध होतात, पानं कडू करून घेतात. माणूस घाबरला, चिडला, ताणात आला की त्याच्याही श्वासाचा आणि घामाचा वास बदलतो. आपल्याला कळत नाही, कुत्र्याला कळतो. प्रयोगशाळेत या नेच्याच्या जनुकांत असा बदल केला, की माणसाचा तो बदललेला वास म्हणजे त्याला अळी चावल्यासारखं वाटावं. मात्र पानं कडू करण्याऐवजी तो एक मंद सुगंध सोडतो. त्या सुगंधाने माणसाची नाडी उतरते, रक्तदाब उतरतो, स्नायू सैल पडतात. माणूस शांत झाला की नेचाही शांत होतो. गोळी नाही, सुई नाही, तार नाही.

"आणि तो शिकतो," मृण्मयी म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर लहानपणी चित्र दाखवताना यायचं तेच हसू होतं. "झाडाला मेंदू नसतो, पण सवय लागते. कुठल्या वासानंतर पेशंट अस्वस्थ होतो हे त्याच्या लक्षात राहतं. मग तो वास आला, की पेशंट अस्वस्थ व्हायच्या आधीच भिंत त्याला सावरते."

दाखल करायच्या कागदांवर तिने जिथे बोट ठेवलं तिथे मी सही केली. बापाच्या बाबतीत पोरगी खोटं करणार नाही, असं मला वाटलं. तिने खोटं काही केलंही नव्हतं.

*

'निवांत'मध्ये दिगू झोपू लागला.

मी सकाळी दहाला पोचायची. तो उशीला टेकून बसलेला असायचा, मला दारातून दिसायचा. मी खाटेपाशी जाऊन स्टूल ओढेपर्यंत त्याच्या पापण्या जड झालेल्या असायच्या आणि दोन मिनिटांत मान कलायची.

"रे मेल्या, ऊठ! मी इलंय आणि झोपतंस?"

तो मंद हसायचा. तीस वर्षांत दिगू मंद कधी हसला नव्हता. तो हसला की अख्खी गाडी मागे वळून बघायची. आता ओठांची एक कड हलायची आणि घोरणं सुरू व्हायचं. रक्तदाब उत्तम, साखर उत्तम, पाठीला एक जखम नाही. आजूबाजूच्या अकरा खाटांवर अकरा उत्तम माणसं पडलेली. नातेवाईक फोटो काढून खूश. बोलत मात्र कुणीच नव्हतं.

तीन-चार आठवडे मला वाटलं, झोपेच्या गोळ्या देत असतील. मग एक दिवस तिथली स्पीच थेरपिस्ट प्रणोती मला बाहेर व्हरांड्यात घेऊन गेली. लातूरची मुलगी, कामाला चोख, बोलायला भीत भीत.

"काकू, रागावू नका. काका दिवसभर जागे असतात. तुम्ही आलात की झोपतात."

"म्हणजे?"

"भिंतीला तुमचा वास पाठ झालाय. पहिल्या दिवशी तुम्ही ओरडलात आणि काकांची नाडी एकदम वर गेली. दुसऱ्या दिवशीही तेच. आता तुम्ही दारात आलात की त्यांच्या खाटेमागची पानं उघडतात. मी स्वतः पाहिलंय."

माझं नाव सुगंधा, आणि त्या भिंतीने मला अळी ठरवलं होतं.

"अगं, नाडी वाढते ते खरंच आहे," मी म्हटलं. "त्याची नाडी मला बघून लग्नाच्या आधीपासून वाढते. त्यात बिघाड काय आहे?"

"तेच तर," ती आणखी हळू आवाजात म्हणाली. "रागाचा, आनंदाचा, धडपडीचा वास नेच्याला एकच. शब्द सापडत नसला की माणूस वैतागतो, आणि त्या वैतागातूनच शब्द सापडतो. इथे काका शब्द शोधायला लागले की भिंत त्यांना थोपटते. मी महिन्याभरात त्यांच्याकडून एक अक्षर काढू शकले नाही. वर सांगितलं तर म्हणतात, पेशंट सुखात आहे ना?"

तीन महिन्यांतले दोन संपत आले होते.

*

मृण्मयी केंद्राच्या मागच्या खोलीत राहत होती. मी तशीच तिच्याकडे गेले आणि बापाला घरी घेऊन जाणार म्हणून सांगितलं.

"घरी नेऊन काय करणार?" तिने विचारलं. "पुन्हा तोंड सोडणार?"

"हो. माझ्या तोंडानेच त्याच्या तोंडात शब्द आणला होता."

"शब्द नव्हता तो, शिवी होती."

"आमच्याकडे तोच शब्द आहे."

ती उठून खिडकीपाशी गेली. मला वाटलं ओरडेल, पण ती ओरडत नाही. लहानपणापासून नाही.

"आई, ही भिंत मी कुणासाठी केली माहीत आहे? पेशंटसाठी नाही. तुमच्या घरासाठी. मी सात वर्षांची असताना कपाटात जाऊन बसायचे. तुम्ही दोघं बाहेर हसत असायचात, पण मला ते हसणं ऐकूच यायचं नाही, नुसते मुडदे ऐकू यायचे. मला वाटायचं, या भिंतीतून काहीतरी यावं आणि तुम्हा दोघांना गप्प करावं. मोठी झाले आणि तेच केलं. बाबा पहिल्यांदा शांत झोपताहेत. त्यांनी कधी मागितली नसेल ही शांतता, कारण तुझ्यापुढे मागायची सोय नव्हती."

मला ते लागलं. खोटं कशाला सांगू, फार लागलं. आणि लागलं की मी जे करते तेच केलं. तिला म्हटलं, तू बापाला माणसातून उठवून कुंडीत लावलंस. तिने टेबलावरचा कागद माझ्यापुढे सरकवला. पेशंटच्या स्वास्थ्याला बाधक ठरणाऱ्या भेटी थांबवायचा अधिकार केंद्राला आहे. खाली माझी सही.

"एक महिना काचेतून बघ," ती म्हणाली. "नंतर ठरवू."

एक महिन्याने ठरवायला उरणार काय होतं?

*

चार दिवस मी काचेबाहेर उभी राहिले. आत दिगू जागा होता. भिंतीकडे बघत असायचा, एखादं पान चाचपायचा. एकदा काचेकडे बघितलं, मी हात हलवला. त्याने डावा हात वर केला आणि परत पानाकडे वळला. प्रणोती समोर चित्रांची पाटी धरून बसली होती. त्याने तोंड उघडलं, कपाळाला आठी पडली, काहीतरी येत होतं. मागची पानं किंचित हलली. आठी गेली.

पाचव्या दिवशी दुपारी मी शिरोड्याचं खडेमीठ घेऊन गेले. पाच किलो. भिंतीत फिरणाऱ्या पाण्याची टाकी इमारतीमागे उघड्यावर होती, माळी जेवायला गेला होता, झाकणाला कुलूपसुद्धा नव्हतं. मीठ टाकलं, बांबूने ढवळलं आणि एसटी पकडून घरी आले. मला बरं वाटत होतं.

खारं पाणी नेच्याला चालत नाही हे किनाऱ्यावरच्या कुठल्याही बाईला माहीत असतं. तीन दिवसांत कडा करपल्या, आठव्या दिवशी भिंत तपकिरी झाली आणि दिवाणखान्यात जे झालं ते मी काचेतून पाहिलं. ते मला विसरता येत नाही. एका म्हाताऱ्याने नर्सच्या थोबाडीत मारली. एक बाई चादर फाडत होती. ओरोसच्या एका आजीला दोन वर्षांपूर्वी वारलेला मुलगा आठवला आणि ती तो आत्ता गेल्यासारखी ऊर बडवू लागली. तिला तोंडातून आवाज नीट काढता येत नव्हता, नुसतं गुरगुरणं. ते मी केलं होतं. मी दिगूसाठी केलं होतं, पण त्या आजीने माझं काय घोडं मारलं होतं?

त्या गोंधळात मला कुणी अडवलं नाही. मी आत गेले. दिगू घामाने निथळत, सुकलेली पानं मुठीत धरून बसला होता. मी स्टूल ओढते आहे तोवर मृण्मयी आली. तिने टाकीत बुडवलेलं बोट माझ्यासमोर जिभेला लावलं.

"मीठ," ती म्हणाली.

"हो, मीठ."

आणि माझी पोरगी ओरडली. अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा, आणि शुद्ध पुणेरीत नाही.

"तू माणूस आसंस काय कोण? सगळ्यांची वाट लावलंस! घरात एक दिस तरी मी निवांतपणान जेवलंय? तुझ्या तोंडाक कधी कुलूप इला?"

"आणि तू काय केलंस? जित्या बापाशीचो दगड केलंस!"

"दगड बरो! तुझ्यावांगडा रवण्यापेक्षा दगड बरो!"

आम्ही खाटेच्या दोन बाजूंना उभ्या राहून एकमेकींचे मुडदे पाडत होतो. मध्ये दिगूचं तोंड वाकडं होत होतं, मानेच्या शिरा तट्ट फुगल्या होत्या. डाव्या मुठीने त्याने खाटेची कड हाणली.

"गप... रवा!"

प्रणोती बाजूला तोंडावर हात ठेवून उभी होती. "काका, परत म्हणा," ती म्हणाली.

"गप रवा," दिगू म्हणाला आणि लहान मुलासारखा रडू लागला. मी त्याच्या डोक्याला धरून हसत होते. मृण्मयीने आमच्याकडे बघितलं. तिला ते हसणं या वेळी ऐकू आलं की नाही, मला माहीत नाही.

तिने वर कळवलं की टाकी भरतात त्या विहिरीला खाडीचं पाणी लागलं. माझ्यासाठी खोटं बोलली. जाताना दारात थांबली. "मी पुण्याला चालले. बाबांची खुशाली प्रणोती कळवेल. तू फोन करू नकोस." अजून मी केलेला नाही.

*

पुढचे तीन आठवडे दिगू रोज शब्द काढत होता. पाणी. उशी. दुखता. भिंत मेली होती, माझ्या भेटी सुरू होत्या आणि मी रोज त्याच्याशी कडाकडा भांडत होते. तो उत्तर द्यायचा, पण भांडायचा नाही. "होय," म्हणायचा. "बरां." मला वाटलं, शिव्या शेवटी येत असतील.

चौथ्या सोमवारी नव्या नेच्यांच्या चौकटी आल्या. कामगार एकेक चौकट भिंतीवर चढवत होते. त्याच सकाळी नागपूरचे डॉक्टर ठवरे तपासणीला आले, प्रणोती सोबत. माझ्याकडे घरी न्यायचा अर्ज तयार होता. दिगूला आता समजतं आणि सांगता येतं, तेव्हा निर्णय त्याचा, असं ते म्हणाले. मला ते पटलं. मीच तर त्यासाठी एवढं केलं होतं.

"काका," डॉक्टरांनी वाकून, सावकाश विचारलं, "घरी जायचं ना?"

दिगूने माझ्याकडे बघितलं नाही. तो चौकटींकडे बघत होता. कपाळाला आठी पडली, ओठ जुळले, सुटले.

"हय," तो म्हणाला.

"होय म्हणाले!" प्रणोतीने टाळी वाजवली. डॉक्टर हसले आणि खिशातून पेन काढलं.

लातूरची ती मुलगी आणि नागपूरचा तो डॉक्टर. त्यांची काही चूक नाही. पण मी तीस वर्षं कुडाळ-वेंगुर्ला केलेलं आहे. रोज शंभर वेळा मागच्या सीटवरून तो शब्द ऐकलेला आहे. फाटा आला, आंब्याचं झाड आलं, की म्हातारी दांड्याला धरून ओरडते, "हय! हय!" आणि मी घंटी मारते, आणि दिगू ब्रेक दाबतो. हय म्हणजे होय नाही. हय म्हणजे इथे. माका हय उतरायचा. गाडी फुडे न्हेव नका.

दिगूने मान वळवली. आता तो माझ्याकडे बघत होता. डोळ्यांत राग नव्हता, मला तोच हवा होता. मला कळलंय हे त्याला कळलं होतं.

डॉक्टरांचं पेन अर्जावर थांबलं. त्यांनी खात्रीसाठी मला विचारलं, "काकू, होयच म्हणाले ना?"

"होय," मी म्हटलं आणि खाटेखालची पिशवी ओढून त्याचे कपडे भरायला घेतले.